राहून गेलेले चार तास

धाराशिव,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. शरणप्पामामांस,
शिवलीलाचे मनापासून शरणार्थ.

मामींचा गुडघा कसा आहे? आई म्हणाली, काळ्या म्हशीला रेडी झाली. तिला माझं नाव ठेवू नका, एवढीच विनंती. इकडं आम्ही मजेत. शेडमध्ये आता चौघीजणी आहोत. सिलिकॉन रबराच्या रिंगा, वायसर, पट्ट्या करतो. आरोही म्हणून नवी मुलगी आलीय. साचा उघडून माल चांगला निघाला की टाळ्या वाजवते.

फोन करता आला असता. पण तुम्ही “बरं हाय, बरं हाय” म्हणता आन् फोन मामींच्या हातात देता. म्हणून हा कागद.

तुमच्या खव्याच्या मशीनची नवी पट्टी केलीय, कढईचा तळ खरवडत फिरते ती. स्टील आधी वाळूच्या मारानं खरबरीत केलं, धुतलं, रबर घट्ट धरावं म्हणून प्रायमरचा पातळ हात दिला. साच्यात एकशे सत्तर डिग्रीला दहा मिनिटं दाबलं. मग ओव्हनमध्ये दोनशे डिग्रीला चार तास. दहा दिवस रोज दूध आटवून बघितलं. वास नाही, कड सुटली नाही. खवा बहुतेक आरोहीनंच संपवला.

लिहायचं आहे ते त्या चार तासांबद्दल.

गेल्या महाशिवरात्रीला दिलेली पट्टी मी ओव्हनमध्ये ठेवलीच नव्हती. साच्यातून निघालेलं रबर दिसायला तयार दिसतं, पण पोटात उग्र वास उरलेला असतो. तो तापवूनच घालवावा लागतो. मला हे माहीत होतं, मामा. पण सणाच्या आधी मशीन फिरताना सगळ्यांना दाखवायचं होतं. माझं पहिलं काम, तेही मामांचं. चालतंय की, म्हटलं.

उमाशंकर हलवाई खवा परत घेऊन आले. अंगणात माणसं जमलेली. “तीस वर्षं खवा करतोस, आन् रबराचा वास कळंना व्हय तुला?” मी तिथंच उभी होते. तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. “आच जास्त झाली आसंल. माझंच चुकलं,” म्हणालात.

आणि मी गप्प राहिले.

तुम्हाला कळलं होतं ना? आच तुमच्या हातून कधी जास्त झालेली नाही. त्या दिवसापासून मशीनवर पोतं पडलंय आणि या वयात तुम्ही हातानं घोटताय. विचारलं तर म्हणता, “खांद्याला सवय हाय.”

काल मी उमाशंकरकाकांच्या दुकानात गेले. गिऱ्हाईकं होती, तरी सांगितलं, “काका, चूक माझी होती. रबर कच्चं होतं. मामांचा काही दोष नव्हता.”

त्यांनी हातातला चमचा ठेवला. “वर्ष होत आलं की गं! इतके दिस काय करत हुतीस?”

“घाबरले होते.”

“आन् त्यो माणूस एक शब्द बोलला न्हाय? म्या त्याला चार लोकांत बोललो. आता कुठल्या तोंडानं जाऊ त्याच्यापुढं?” स्टुलावर बसले, डोळे पुसले, आणि मग हसायलाच लागले. “लई बेरकी हाय तुझा मामा!”

रविवारी ते सास्तूरला येताहेत, माझ्या स्कूटीवर मागं बसून. खवा पहिल्यासारखा तुमचाच पाहिजे म्हणतात, पण आधी माफी मागायची आहे. मी त्यांना बजावलंय, माझा नंबर पहिला.

पट्टी मी स्वतः बसवेन. पसंत पडली नाही तर तोंडावर सांगा, चार लोकांत सांगा. फक्त माझ्यासाठी पुन्हा कुणापुढं मान खाली घालू नका.

वर्षभर तुमच्या पाठीआड लपलेली, आता समोर येणारी
तुमची भाची,
शिवलीला