देवाचा आवाज

१९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

खोकला थांबला का? औषध वेळेवर घेत नसशीलच. माझं बरं चाललंय. न्हाणीघरातला नळ अजून गळतोय आणि घरमालक अजून ‘उद्या बघू’ म्हणतोय.

कामाचं सांगते. स्टुडिओत सध्या अंध श्रोत्यांसाठी बायबलमधल्या जुन्या संदेष्ट्यांची वचनं ध्वनिमुद्रित करतोय. आता होशेय नावाचा संदेष्टा चालू आहे. त्याची बायको दुसऱ्यांच्या मागे जाते आणि देव त्याला सांगतो, तिला परत घरी आण. ‘माझी माणसंही मला सोडून भलत्या देवांमागे धावतात, तरी मी त्यांना टाकत नाही,’ असं देवाचं म्हणणं. देवाच्या वाक्यांसाठी साहेबांनी साबणाच्या जाहिरातींतला एक भारदस्त आवाज निवडला. काचेपलीकडे येऊन बसला कोण, तर तुझा नवरा. त्याला भावोजी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आवाज चांगला आहे, मेलं हेही मान्य करावं लागतं. पण त्या आवाजाच्या आत काय काय असतं, ते हेडफोन लावणाऱ्यालाच कळतं. ओठांची चिकट मचमच, आवंढे, दातात अडकलेलं जिभेने उकरणं. वाक्यावाक्यातून त्याची लाळ पुसत बसणं हे माझं काम. ‘मी तुला कसं सोडून देऊ?’ असं देव म्हणतो, तिथे याने असा गळा काढला की साहेबांचे डोळे भरले. मी हेडफोन काढून ठेवले. तुला तापात टाकून दुसरीकडे राहायला गेलेला माणूस, आणि तेही पहिल्यांदा नव्हे.

एवढंच असतं तर फोनवरच शिव्या घालून मोकळी झाले असते. जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा काढला. डब्याची पिशवी माझ्या जुन्या पडद्याची होती, तू शिवलेली. मी बघतच राहिले, तर तोंडात घास ठेवून म्हणाला, “मी परत घरी आलोय, ताईनं सांगितलं नाही तुला?”

दर रविवारी फोनवर तू माझ्या नळाची चौकशी करतेस, तेव्हा तो शेजारीच बसलेला असतो तर. त्याची किळस जुनीच आहे. या वेळी तुझीही आली, ताई. लिहिलंय ते खोडत नाही. मन मोठं असणं वेगळं आणि दाराला कडीच नसणं वेगळं. देवानेही हेच केलं, असं तू म्हणशील. देवाला ताप येत नाही, ताई.

तरी ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकताना खोट सापडली. तो ते गयावया करत म्हणतो, घरात घ्या म्हणून दारात उभा असल्यासारखा. ते तर चिडून म्हणायचं वाक्य आहे. समोरच्याला सोडून द्यायची सगळी कारणं ज्याच्यापाशी आहेत आणि तरी ज्याला सोडवत नाही, त्याने ते म्हणायचं. मी साहेबांना सांगितलं, याला देवाला सोडून गेलेल्या लोकांची वाक्यं द्या. ‘चला, परत जाऊ, तो आपल्याला बरं करील.’ ती त्याला तोंडपाठ आहेत. मग देवाचं कोण वाचणार, त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं.

सोमवारी सकाळी ये. एकटी ये. ते वाक्य माझ्यासमोर म्हणून दाखव. पटलं, तर पुन्हा तुझ्या घरी जेवायला येईन. नाही पटलं तरी येईन, फक्त त्याच्या ताटाशेजारी बसणार नाही.

तुझ्यावर संतापलेली, तरी तुझीच,
छोटी