मोतीला घातलेली कलेजी

दिघी, रविवार संध्याकाळ, १९३१

बोकड स्वस्तात मिळाला म्हणून सकाळी खूश होतो. पण कलेजीत पाण्याचे फोड निघाले, ती आमच्या मोती कुत्र्यापुढे टाकली. म्हणजे फारसा स्वस्त पडलाच नाही.

धक्क्यावर हेच सांगत होतो. मोती नेहमीसारखा सुमीचं, माझ्या नातीचं, तोंड चाटत होता. आगबोटीवरून रजेवर आलेला इस्माईल खलाशी ओरडला, "शेट, पोरीला आधी बाजूला घ्या!"

"अरे, माझा मोती बाहेरचं काय खात न्हाय!"

तो म्हणाला, मेंढ्यांच्या मुलखात असले फोड कुत्र्याला घालत नाहीत. त्यातून कुत्र्याच्या पोटात कणीएवढे जंत होतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या जिभेवरून माणसाच्या पोटात गेली, की माणसाच्या कलेजीत तसलाच फोड. "अरबस्तानात तेच, आफ्रिकेतपन तेच."

कणीएवढा जंत दर्या ओलांडून गेला कसा? कुत्र्यांबरोबर बोटीत बसून? की आधीपासून सगळीकडेच होता?

सुमीचं तोंड साबणाने धुवायला लावलं. पोट दुखतं का, दोनदा विचारलं. न्हाय म्हणते.

मोती बाहेरचं खात नाही, हे खरंच. शिमग्यालाही फोडांची कलेजी मी त्याला घरातच घातली होती.