शालूअक्कानं दूध संस्थेत सांगितलं

६ मे

आजपासून शालूअक्काशी बोलणार नाही. नाही म्हणजे नाही! थोरली जाऊ म्हणून एवढा जीव लावला, आणि तिनं माझं असलं गुपित दूध संस्थेच्या रांगेत, दहा बायकांत सांगावं?

पंधरा दिवस दोन्ही स्तनाग्रांना खाज सुटतेय. ह्यांनाही बोलले नव्हते. फक्त अक्काला सांगितलं, तेही गळ्याची शपथ घालून. "कुणाला सांगत न्हाय गं," म्हणाली. वर गोठ्यातला डबा काढून दिला — म्हशीच्या सडांना लावायचं मलम! "भेगाळल्या सडाला गुण येतोय की, तुला न्हाय यायचा व्हय?" मी वेडी, लावलं. खाज राहिली बाजूला, नुसती आग आग.

आणि आज शेजारची चिमणाबाई सगळ्यांसमोर विचारते, "स्नेहल, एकाच बाजूला खपली धरतीया म्हणं? पाणीबी येतंय?"

खपली? पाणी? मला कधी आलं! पदरचं घालून सांगितलंय अक्कानं.

७ मे

अबोला. भाकरी तिच्यापुढे नुसती सरकवली. रडू मात्र आलं.

९ मे

कोल्हापूरला जाऊन आले. मलमाचं ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "ते म्हशीचं औषध. आजपासून बंद!" नवी नायलॉनची ब्रा, त्यात उन्हाळ्याचा घाम, वर वासाचा साबण — त्यानं कातडी चिडलीय म्हणे. सुती वापरायची, कोमट पाण्यानं नुसतं धुवायचं, टिपून कोरडं करायचं, साधं व्हॅसलिन. खाजवायचं नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला बुरशीनंही खाज येते म्हणाल्या.

"एकाच बाजूला खपली, पाणी, रक्त किंवा गाठ असती, तर मात्र लगेच तपासण्या करायला लावल्या असत्या. कधी कधी ती कॅन्सरची खूण असते."

घरी येऊन ह्यांना सगळं मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. अक्का चुलीपाशीच होती. ऐकू दे! मला खपली नाही, पाणी नाही. खोटारडी.

१३ मे

खाज निम्म्यावर आली. राग तेवढाच.

१४ मे

अक्कानं मला न्हाणीत ओढलं, कडी घातली आणि स्वतःच्या ब्लाऊजची बटणं काढली. डाव्या बाजूला खपली. वर्ष झालं म्हणे.

"बायका काय म्हंत्यात, ते ऐकायचं हुतं गं. माझं म्हणून कसं सांगू? तुझं म्हणून सांगितलं."

उद्या पहिल्या एसटीनं दोघी कोल्हापूरला.