काठ पाहून ओळखलेलं वटवाघूळ

प्रिय भूपेश,

तुझ्या पनामाचं हवापाणी मागून विचारते, आधी इथलं ऐक. आपल्या हातमागाच्या खोलीत आढ्याले आठ-दहा वटवाघळं लटकून राहिली. तुझ्या बाबांनी बॅटरी मारून पाहिलं, तर नाकावर पान! झालं. तूच सांगून गेला होता ना, ज्यांच्या अभ्यासाले तू तिकडे गेला ती रक्त पिणारी वटवाघळं पाननाक्यांच्या खानदानातली आहेत म्हणून? "पोरगं नेलं ते नेलं, आता घरात घुसले," म्हणत धुरी करायले कडुलिंबाचा पाला घेऊन आले. दोन वर्षांपासून तुझ्याशी बोलत नाहीत, तो सारा राग त्या मुक्या जिवांवर निघून राहिला होता. मी धावतच शेजारच्या मेघाले बोलावलं. ती शाळेत विज्ञान शिकवते.

मेघा म्हणे, काकाजी, ही आपली पाननाकी वेगळी, किडे खाणारी. रक्तवाली तिकडे मध्य-दक्षिण अमेरिकेतच. तिकडच्या पाननाक्यांत कोणी फळं खाते, कोणी फुलातला रस, कोणी किडे. फक्त तीन जाती रक्तावर जगतात, अन् त्यांच्याच नाकावर धड पान नाही! मले तर हसूच आलं. जन्मभर काठ पाहून लुगडं ओळखणारा माणूस, नाक पाहून फसला. मेघानं सांगतलं, सारखा काठ दोन वेगळ्या घरच्या मागांवर निघते ना, तसंच हे. मग पटलं त्यांना. पाला गाईपुढं टाकला. "विणकराच्या घरातही एक असंच निघालं," एवढं मात्र बोललेच.

तेव्हापासून रोज मेघाले काही ना काही विचारतात. दोन-तीन रात्री रक्त नाही भेटलं तर ते रक्तवालं वटवाघूळ मरते म्हणे, अन् मग पोट भरलेलं दुसरं आपल्या पोटातलं काढून त्याच्या तोंडात घालते. हे ऐकून तुझ्या बाबांनी विचारलं, भुकेल्याले मागावं लागते का, का दुसऱ्याले पाहूनच समजते? मेघा म्हणे, हे भूपेशलेच विचारा. "मी काहून विचारू?" म्हणून उठून गेले.

आज सकाळी कागद-पेन माझ्यासमोर आणून ठेवलं अन् म्हणाले, तू विचार. म्हणून हे पत्र. उत्तर मले नको लिहू, त्यांच्या फोनवर सांग. जेवण कमी झालं आहे त्यांचं. अन् पाकिटावरचा तुझा पत्ता पाहिला का? ते अक्षर माझं नाही.

तुझीच,
आई