पडद्याआडून झालेली निवड

प्रति,
मा. प्रशासक,
नगर वाद्यवृंद व सभागृह कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : कानांनी केलेली निवड डोळ्यांनी रद्द झाल्याबाबत, तसेच माझ्या मुलीस व्हायोलिनच्या रांगेत खुर्ची मिळण्याबाबत.

संदर्भ : "उचित कार्यवाही झाली आहे" असे मुलीच्या मागणीवर आलेले आपल्या कार्यालयाचे एका ओळीचे उत्तर.

महोदय,

मी निवृत्त टंकलेखिका असून माझे आयुष्य लोकांचे अर्ज टंकण्यात गेले. स्वतःसाठी अर्ज करण्याची वेळ प्रथमच आली आहे. तो मुलीला न सांगता करीत आहे, हेही आरंभीच नमूद करते.

१. माझी मुलगी वयाच्या एकविसाव्या वर्षी आपल्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून रुजू झाली. जागा शेवटच्या रांगेतली होती. पहिल्या दिवशी घरी आली तेव्हा तिच्या पायांना जमीन लागत नव्हती. ताट हातात घेऊन उभ्यानेच जेवली आणि जेवता जेवता तोंडाने सगळा कार्यक्रम म्हणून दाखवला. हनुवटीखाली वाद्य घासून पडलेला तांबडा वण ती इतके दिवस ओढणीने झाकत असे. त्या दिवसापासून झाकेनाशी झाली.

२. त्याच हिवाळ्यात तालमीच्या वेळी रंगमंचावरील दिव्यांचा दांडा निखळून खाली आला. मुलीने वाद्य छातीशी धरले व डावा हात वर केला. त्या हाताची दोन बोटे अर्धी गेली. वाद्याला ओरखडाही आला नाही. चौकशीत रंगमंच व्यवस्थापकांनी असा जबाब दिला की, "तिने हात मध्ये घातला नसता तर नुसतं वाद्य फुटलं असतं." सबब अपघात वैयक्तिक निष्काळजीपणामुळे घडला असे ठरून मुलीस सेवामुक्त करण्यात आले. व्हायोलिनच्या तारा डाव्या हाताच्या बोटांनी दाबतात, हे आपणास सांगणे न लगे.

३. त्यानंतर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. एके दुपारी स्वयंपाकघरात गेले तर ती डाव्या हातात उलथने धरून ते गजासारखे उजव्या दंडावर घासत उभी. मला म्हणाली, "आई, गज धरायला अंगठा आणि उरलेली बोटं पुरतात गं." तिचा मामा सुतारकाम करतो. गज डाव्या हाताने चालवता यावा म्हणून त्याने वाद्याच्या तारा उलट क्रमाने लावल्या, तारांखालची घोडी फिरवली, पोटातली आधाराची खुंटी दुसऱ्या बाजूला बसवली. ती पहिल्या धड्यापासून पुन्हा शिकू लागली. आवाज इतका कर्कश येई की शेजारच्या काकू भिंतीवर लाटणे आपटत. पुढे पुढे लाटणे थांबले. मग एकदा काकू स्वतःच दारात येऊन म्हणाल्या, "आज का बंद? बरं नाही का तिला?" त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन पोटभर रडून घेतले.

४. काही वर्षांनी आपल्याकडे जागा निघाली. वशिला चालू नये म्हणून उमेदवाराने पडद्याआडून वाजवावे असा आपला नियम आहे, व तो उत्तम आहे. पावलांवरून बाई की पुरुष हे कळू नये म्हणून मुलगी चपला बाहेर काढून अनवाणी आत गेली. मी दाराशी बसले होते. वादन संपताच परीक्षकांपैकी एक वयस्कर गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "आता बाकीच्यांना कशाला ताटकळत ठेवता? हाच घ्या." अभिनंदनासाठी पडदा बाजूला करण्यात आला. तोच आपले सहायक म्हणाले, "अहो, ही तर उलटी वाजवते!"

५. निवड रद्द झाली. कारण असे की सर्वांचे गज एका दिशेने जात असता एकच गज उलट गेल्यास प्रेक्षकांस ती चूक वाटेल, आणि शेजारच्याच्या कोपराला कोपर लागेल. मुलीने रांगेच्या टोकाची खुर्ची मागितली. तेथील वादक ज्येष्ठ असल्याने त्यांना हलवता येणार नाही असे कळले. मग तिने खांबामागची जागा मागितली. तेव्हा आपले सहायक हसून म्हणाले, "दिसणारच नसेल तर खुर्ची कशाला?"

६. त्या हसण्यातूनच पुढची युक्ती निघाली असावी. गेल्या महिन्यात ऐन कार्यक्रमाच्या दिवशी एक वादक आजारी पडले. मुलीला बोलावून पडद्यामागे विंगेत उभे राहून वाजवण्यास सांगण्यात आले. रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर व्यवस्थापकांचा भाचा बसला. त्याच्या गजाला राळेऐवजी साबण चोळलेला होता, म्हणजे तारेवर कितीही फिरवला तरी आवाज निघणार नाही. तिकीट काढून मी दुसऱ्या रांगेत बसले होते. शेवटी सगळे सभागृह उभे राहिले. वादकांनी वाकून टाळ्या स्वीकारल्या, भाच्यानेही स्वीकारल्या. मी विंगेकडे तोंड करून टाळ्या वाजवीत होते. दारावरच्या माणसाने येऊन सांगितले, "बाई, रंगमंच इकडे आहे."

७. आता हीच व्यवस्था कायम करण्याचा आपला विचार असल्याचे समजते. मुलीने होकार दिला आहे. मी भांडले. तिने शांतपणे उत्तर दिले, "आई, वाजवायला तर मिळतंय ना."

८. हा अर्ज करण्याचे तातडीचे कारण पुढीलप्रमाणे. परवा तिची आत्या आली व हौसेने म्हणाली, काहीतरी वाजव. मुलीने वाद्य खांद्याला लावले, गज टेकवला आणि तशीच थांबली. दोनदा प्रयत्न केला. मग उठून आतल्या खोलीत गेली, दार लोटून घेतले आणि तिथून वाजवले. फार सुंदर वाजवले. आत्या दाराकडे बघत बसली. रात्री मी विचारले तेव्हा म्हणाली, "समोर कुणी असलं की हात चालत नाही गं आता."

तरी विनंती की तिला रांगेत, कोणत्याही टोकाला, लोकांना दिसेल अशी खुर्ची द्यावी. नियमांत बदल करावा लागत असल्यास करावा, पण लवकर करावा. खुर्ची मिळेल त्या दिवशी तिच्यावर बसून वाजवू शकेल अशी मुलगी घरात शिल्लक असली पाहिजे.

उत्तर एका ओळीचे आले तरी चालेल, फक्त ती ओळ वेगळी असावी, या अपेक्षेत,

आपली नम्र अर्जदार,
(सही)
वादकाची आई

दिनांक : १४ मार्च