पपईची ताटली

प्रिय अफसाना,

फोनवर बोलायचं तोंड नाही, म्हणून शाळेत शिकले तेवढ्या मराठीत लिहिते. मनतशाचा ताप उतरलाय, जेवतेही. डावा डोळा गेला तो गेलाच, उजवा वाचला. जावेद पपईच्या गाड्यावरून आला की तिच्याच उशाशी बसतो.

गेल्या आठवड्यात तिला पुन्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरचा धंदा काय? म्हटलं, पपईचा गाडा. पिकल्या पपईत, आंब्यात जो केशरी रंग असतो, त्यातूनच शरीर जीवनसत्त्व अ तयार करतं, म्हणाल्या. पोरीच्या अंगात ते आधीच कमी होतं, गोवरात उरलंसुरलंही गेलं. तीस वर्षं पपई विकली मी! चांगला माल गिऱ्हाइकाला, आणि घरच्या नातीला नाही. का, तर उष्ण पडते. शरमेनं मेल्यासारखं झालं.

मनतशा पोटात असताना तू गाड्यावरची पिकली फोड खाल्लीस, तेव्हा मी सारा मोहल्ला डोक्यावर घेतला होता. डोळा गेल्यावर तेच उकरून काढलं. डॉक्टरीणबाईंना तेही विचारलं. त्या फोडीचा आणि डोळ्याचा काही संबंध नाही, म्हणाल्या. घरी हे कुणाला सांगितलं नाही मी.

आणखीही एक सांगितलेलं नाही. गोवरात पोरगी संध्याकाळी भिंती चाचपडू लागली, तेव्हा नर्सताई म्हणाली, आजच दवाखान्यात न्या, पपई चारा. तू ताटली पुढ्यात ठेवलीस. "गोवरात लई उष्ण हाय ते, मारून टाकती का पोरीला?" म्हणत मी ती ओढून घेतली. दवाखानाही आठ दिवस मीच लांबवला. जावेदला मात्र सांगितलं, अफसानानंच हयगय केली. त्यानं तुला माहेरी धाडलं, आणि मी गप्प बसले.

काल दिवेलागणीला मनतशा उंबऱ्यात बसली होती. तुझ्यासारख्याच हिरव्या ओढणीची एक बाई गल्लीतून गेली, तर अम्मी, अम्मी करत तिच्यामागं पळाली. तेवढ्या उजेडात आता दिसतं तिला. बाई वळली, आणि पोरगी तिथंच उभी राहिली.

रविवारी लातूरला दोन्ही घरांची बैठक आहे, मनतशा कुणाकडे राहणार ते ठरवायला. जावेद तुझ्या हयगयीचंच बोलणार. त्याचं बोलून झालं की हे पत्र कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लाव. मी समोरच बसलेली असेन. अक्षर माझंच आहे म्हणून सांगेन. तिचे कपडे बांधून ठेवलेत, सोबतच आणते. तिच्याविना दिवस कसे काढायचे, ते माझं मी बघेन. सकाळी उठल्या उठल्या पपई मागते, तेवढी देत जा.

तुझीच,
अख्तरी