जर्मनीत, मुक्काम लातूर

३ नोव्हेंबर, सोमवार

व्हिसा नाही. संकेतस्थळावर तेच, 'प्रक्रियेत'.

आज थर्मोडायनॅमिक्सचा तास आणि पाण्याचा टँकर एकाच वेळी आले. तास तिथला सव्वाआठचा, म्हणजे आपला पाऊण वाजताचा. मामा दुकानात, मामी दळणाला गेलेली. माझ्या कानात इयरफोन, हातात टँकरचा पाइप, मोबाइल हौदाच्या कठड्यावर. बाईंनी नेमकं मलाच विचारलं. मी आवाज सुरू केला तर आधी टँकरची मोटरच वर्गात पोचली. बाई म्हणाल्या, कोणत्या प्रयोगशाळेत आहात? सांगितलं, लातूरला आहे, हौद भरतोय. वर्ग हसला. माझं उत्तर बरोबर होतं, ते कुणी ऐकलं नाही. तेवढ्यात पाइप निसटून अंगण भिजलं. त्यावर मामीची बोलणी वेगळी.

५ नोव्हेंबर, बुधवार

चुलतभाऊ गणेशने देगलूरच्या चौकातल्या फ्लेक्सचा फोटो पाठवला. 'उच्च शिक्षणासाठी जर्मनीला रवाना'. अजून उतरवलेला नाही. एक कोपरा सुटून माझा अर्धा चेहरा दुमडला आहे, खालचे शुभेच्छुक मात्र सगळे नीट दिसतात. गणेश म्हणतो, तिकडच्या मित्रांना दाखव. मेहमेतला दाखवला. मेहमेत तिथला माझा प्रोजेक्टचा जोडीदार, तुर्कस्तानचा. त्याने विचारलं, कोणती निवडणूक लढवतोयस?

लिहून ठेवतो, नाहीतर पुढे मलाच खरं वाटणार नाही. सप्टेंबरात पोराचा व्हिसा येईल असं धरून अप्पांनी सत्कारासाठी पुढाऱ्याची तारीख घेतली. व्हिसा आला नाही. मी म्हणालो, पुढे ढकलू. अप्पा म्हणाले, पुढाऱ्याची तारीख पुन्हा मिळत नसते, व्हिसा काय, कधीबी येईल. मग फेटा, शाल, नारळ, हलगी. आईने हातावर दही घातलं. अप्पांचं खत-बियाण्यांचं दुकान ज्या आळीत आहे ती सगळी आळी गाडीमागे चालत आली. गाडी हैदराबादच्या रस्त्याला लागली. गाव दिसेनासं झाल्यावर अप्पांनी ती वळवून घेतली आणि उदगीरमार्गे मला इथे मामाच्या दारात सोडलं. विद्यापीठाने पहिलं सत्र ऑनलाइन करू दिलं आहे, तेव्हा पोरगा जर्मनीत शिकतो हे खोटं नाही, असं अप्पांचं म्हणणं.

इथल्या शेजाऱ्यांनी काही विचारलं नाही. लातुरात कुणाचा भाचा खोलीत कोंडून घेऊन अभ्यास करत असेल तर कुणीच काही विचारत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

ड्रॉइंग शीट आणायला गंजगोलाईच्या बाजारात गेलो, तोंडाला रुमाल बांधून. पाणी प्यायला रुमाल सोडला आणि समोर बसवराज अण्णा. देगलूरला आमच्या दुकानाला लागून त्यांचं कापडाचं दुकान, माल घ्यायला आले असणार. मी शेजारच्या भांड्यांच्या दुकानात शिरलो आणि भिंतीकडे तोंड करून पातेली बघायला लागलो. दुकानदार सोडेना. एक पातेलं घ्यावंच लागलं.

संध्याकाळी अप्पांचा फोन. अण्णा येऊन सांगून गेले, तुमच्या पोरासारखाच एक पोरगा लातूरला बघितला, पातेली घेत होता बिचारा. अप्पा त्यांना म्हणाले, "असंल. आमच्या भावकीत नाकं सारखीच हायत."

पातेलं मामीला पसंत नाही. झाकण नाही म्हणे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीत वैशूचं नांदेडला जमलं. बहीण माझ्याहून लहान, पण घरात शब्द तिचाच चालतो. होणारे दाजी सरकारी खात्यात इंजिनिअर आहेत. आज त्यांचा व्हिडिओ कॉल. पंखा बंद, दार बंद, अंगात जाकीट, पाठीमागे पांढरी भिंत. घाम पापणीवर येईपर्यंत बोललो.

दाजी चांगला माणूस आहे, हीच अडचण. थापा मारणारा असता तर मलाही जड गेलं नसतं. लॅब कशी असते, बाई कशा शिकवतात, जेवणाचं काय करतोस, सगळं नीट विचारतात. मी सांगितलेलं एकही खोटं नव्हतं. मंगळवारी कॅन्टीनमध्ये मसुरीचं सूप असतं. ट्राम पुलापाशी हमखास थांबते. मेहमेत फोन टेबलावर उभा करून जेवतो, त्यामुळे मला सगळं पाठ आहे.

मग म्हणाले, खिडकीबाहेर दाखवा की जरा. दाखवली. बाहेर काळोख. इथले संध्याकाळचे साडेसात.

"तिकडं आत्ता दुपारचे तीन वाजले असतील ना?"

मी म्हणालो, ढग आहेत.

"लई ढग दिसतात," दाजी म्हणाले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लॅब. मेहमेतने फोन सदऱ्याच्या खिशात ठेवला, कॅमेरा बाहेर. लोखंडाचा तुकडा ताणून तोडायचा होता. मधेच तो कॉफी प्यायला गेला आणि मी बराच वेळ एक खांब पाहत बसलो. तुकडा तुटायच्या सुमारास इथली लाइट गेली. ना आवाज ऐकला, ना आलेख मिळाला. नंतर विचारलं तर मेहमेत म्हणतो, तुटला एवढं नक्की. अहवालात काय लिहायचं ते त्याला विचारून उपयोग नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

२३ तारखेला वैशूचा साखरपुडा होता. आज नांदेडकरांचा निरोप आला, साखरपुड्यातच लग्न उरकू. हॉल घेतलेला आहे, आचारी सांगितलेला आहे, पाहुणे येणारच आहेत. अप्पांनी जागेवरच हो म्हटलं. मला विचारायचा प्रश्न नाही, मी जर्मनीत.

साखरपुड्याला भाऊ नसला तर चालून जातं. लग्नाला?

अप्पा म्हणतात, व्हिडिओ कॉल लावू, हॉलवाले पडदाही देतात. म्हणजे नांदेडच्या हॉलात माझं तोंड भिंतीएवढं, आणि मी इथे मामाच्या खोलीत पंखा बंद करून बसलेला. दोन्हींच्या मधे अहमदपूर आणि लोहा. एसटी सकाळी निघाली की जेवणाच्या आत पोचवते.

१६ नोव्हेंबर, रविवार

वैशूचा फोन, गच्चीवरून, हळू आवाजात. नवरदेवाचा कान पिळायला गणेशला उभं करणार आहेत. तो कालपासून मिशी कोरतोय म्हणाली. मला हसू आलं नाही. कान सख्ख्या भावाने पिळायचा असतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळा हे त्यात त्याने बजावायचं असतं. मी तिथे असणं एवढ्याचसाठी लागतं, आणि तेवढंच जमत नाही.

असं मी म्हणालो, तर वैशू म्हणाली, "कान कुनीबी पिळू दे दादा, मला त्याचं न्हाई. मला तिथं रोज राहायचं हाय. रोज तुला जर्मनीत ठेवत बसू का मी?"

मग तीच पुढे म्हणाली,

"लग्नाआधी त्यांना कळायला पायजे. आन् तुझ्या तोंडून. मी सांगितलं तर माझ्या माहेराची चहाडी व्हती."

मग नेहमीप्रमाणे विचारलं, जेवलास का. जेवलो होतो की नाही ते आठवेना.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अप्पा लातूरला आले. पत्रिका घेऊन आले, ती मामाला दिली, मला नाही. मी सांगितलं, दाजींना खरं सांगू.

अप्पा शांतपणे म्हणाले, "आज ना उद्या व्हिसा येनार. तू जानार. मंग जे खरं होनारच हाय त्याला आजच खोटं कसं म्हनतू?"

पुढे म्हणाले, आणि सांगितल्यावर नांदेडकर माघारी फिरले तर? पाहुणे बसलेत, पोरगी हळदीत आहे, तेव्हा तू काय करणार? जबाबदारी घेतोस?

मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "फेटा बांधून मिरवलं तवा कुनी घेतली हुती जबाबदारी?"

मामा पत्रिका वाचत राहिले. पत्रिका एवढी वाचण्यासारखी नसते. अप्पा पाणी पिऊन निघाले. चहा ठेवला होता, त्याचे दोन्ही कप मामांनीच संपवले.

अप्पांची भीती खोटी नाही. मोडलं तर वैशूचं मोडेल, माझं काही मोडणार नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दाजींना पाठवायचा मजकूर लिहिला. 'आदरणीय' काढलं. पुन्हा घातलं. शुद्धलेखन तपासलं, विरामचिन्हं तपासली. एकही चूक नाही. पाठवला नाही.

तास बुडाला. मेहमेतने विचारलं, आजारी आहेस का? त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, बस पकड आणि जा, यात काय आहे? त्याला वाटतं अडचण बसची आहे.

व्हिसा नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

फोन केला. मजकूर समोर धरला होता, पण पहिलं वाक्य म्हटल्यावर पुढचं सगळं भलतंच बोललो. मी लातूरला आहे, मामाकडे. सप्टेंबरापासून इथेच. विद्यापीठ खरं, प्रवेश खरा, तास खरे, मी तिथे नाही. ढग नव्हते.

दाजींच्या मागे माणसांची गडबड चालू होती, खुर्च्या ओढल्याचे आवाज. ते बाजूला गेले असावेत, आवाज कमी झाले.

"वैशालीला माहीत हाय का?"

हा प्रश्न मी धरलाच नव्हता. नाही म्हणालो असतो तर ती सुटली असती, असं तेव्हा वाटलं. पण पुन्हा खोटंच झालं असतं, आणि तेही तिच्या नावावर. सांगितलं, सुरुवातीपासून माहीत आहे, आणि तुम्हाला सांगायला तिनेच लावलं.



मी म्हणालो, उद्या मी येतोय.

"घरी बोलतो," म्हणाले आणि ठेवला.

त्यानंतर त्यांचा निरोप नाही. वैशू हळदीत, फोन मावशीकडे. अप्पांना सांगितलेलं नाही. मामांना सांगितलं. ते उठले, कपाटातला त्यांचा कोरा सदरा काढला आणि खुंटीला अडकवला.

२३ नोव्हेंबर, रविवार. लोहा बसस्थानक

एसटी थांबली आहे, ड्रायव्हर चहाला उतरलाय. अक्षर वाकडं येतंय, सदरा चुरगळू नये म्हणून वही गुडघ्यावर उंच धरली आहे. सदरा खांद्यात सैल आहे. मामी डबा देत म्हणाली, तिथं कुनी जेवायला बस म्हनलं न्हाई तर उपाशी फिरू नको. अशुभ बोलते असं मामा म्हणाले. मी डबा घेतला.

रुमाल बांधलेला नाही. मागच्या सीटवरच्या बाईंनी कुठले म्हणून विचारलं, देगलूरचा म्हणून सांगितलं. कुठं निघालास? बहिणीच्या लग्नाला. "मंग भाऊ असून इतका उशिरा व्हय?" म्हणाल्या आणि अर्धा पेरू दिला.

अप्पांचा मेसेज: 'पडदा लावला आहे. चाचनी घ्यायची आहे. जाकीट घालून बस.' म्हणजे हॉलात अजून कुणी काही बोललेलं नाही. की बोललेत, आणि अप्पांनाच ठाऊक नाही? मुहूर्त बारा चाळीसचा. नवरदेवाकडचे पोचले का ते अप्पांना विचारता येत नाही.

आत्ता दाजींचा मेसेज आला. उघडायला धीर होईना, पेरू संपवला, हात पुसले, मग उघडला.

हॉलचं लोकेशन आहे. वर काही लिहिलेलं नाही, खाली काही नाही. हॉल कुठे आहे ते पत्रिकेत दिलेलंच आहे, ते त्यांनाही माहीत आहे.

पुन्हा उघडून पाहिलं. तेवढंच. पण लोकेशन येणाऱ्यालाच पाठवतात.

कंडक्टरने बेल दिली.